चामुंडीचा चढ आणि बॅटरीची गाडी

सरकारी कार्यालयांत बॅटरीवर चालणाऱ्या लहान गाड्यांची खरेदी आता नित्याची झाली आहे. प्राणिसंग्रहालये, उद्याने, देवस्थाने, रुग्णालयांची विस्तीर्ण आवारे अशा सर्व ठिकाणी त्या दिसतात. मूळची ही गोल्फच्या मैदानावरची गाडी. सपाट हिरवळीवर दोन खेळाडू आणि त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहून नेणे एवढेच तिचे काम. आपण तिच्यात सहा-आठ माणसे बसवतो. तेथपर्यंतही ठीक आहे. पण तीच गाडी डोंगरावर न्यायची म्हटले की प्रश्न बदलतो, आणि आपल्या खरेदीच्या नस्तीत तो बदल उमटत नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

म्हैसूरमध्ये हा फरक चांगला समजतो. 1892 साली सुरू झालेल्या तेथील श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयात वृद्धांना आणि अपंगांना बॅटरीच्या गाडीचा खरा उपयोग होतो, कारण जमीन बहुतांशी सपाट आहे आणि वेग बेताचा. त्याच शहराच्या कडेला चामुंडी टेकडी शहराच्या पातळीपासून सुमारे 300 मीटर वर चढते. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयर यांच्या काळात बांधलेल्या हजारांहून अधिक पायऱ्या आणि वाटेतला एकाश्म नंदी सर्वांना ठाऊक आहे. वर देवीचे मंदिर, वस्ती, दुकाने आणि वाहनतळ. वाहनतळापासून देवळापर्यंत चालू न शकणाऱ्या माणसांसाठी अशी गाडी असावी, हे कोणालाही पटेल. मात्र प्राणिसंग्रहालयातली गाडी उचलून तेथे ठेवता येणार नाही. तिच्यात सुधारणा कराव्या लागतील. त्या कोणत्या, आणि कोणत्या क्रमाने?

थोडे गणित मांडतो. वाचकांनी कंटाळू नये. गाडी आणि माणसे मिळून 900 किलो वजन धरू. एवढे वजन 100 मीटर उंच चढवायला विजेचे पाव युनिट लागते. मोटार आणि गिअरमधील गळती धरली तर एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे संपूर्ण चामुंडी चढायला, रस्त्याचे घर्षण धरूनही, दीड युनिटच्या घरातच खर्च येतो. साध्या 48 व्होल्टच्या बॅटरीसंचात सात युनिटे मावतात. मग अडचण कोठे आहे? ती साठ्यात नाही, ओढीत आहे. सपाट रस्त्यावर ताशी 10 किलोमीटर वेगाला ही गाडी सुमारे 14 अँपिअर प्रवाह घेते. दहास एक अशा चढावर तोच वेग राखायला 80 अँपिअरच्या पुढे लागतात, आणि चढावर मधेच थांबून पुन्हा निघताना त्याच्या कितीतरी पट. मोटार तापते, कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी प्रवाह तोडतो, बारीक केबलची टोके काळी पडतात. शिशाच्या बॅटरीचा आणखी एक दोष असा की जितक्या जोरात वीज ओढावी तितकी एकूण वीज कमी मिळते. म्हणून कागदावर 60 किलोमीटर धावणारी गाडी डोंगरावर त्याच्या निम्म्यातही दम टाकते.

तरीही माझ्या मते पहिली सुधारणा मोटारीची नाही, बॅटरीची तर नाहीच. पहिली सुधारणा ब्रेकची. न चढणारी गाडी प्रवाशांची गैरसोय करते. न थांबणारी गाडी त्यांचा जीव घेते. स्वस्त गाड्यांत फक्त मागच्या दोन चाकांना ड्रम ब्रेक असतात. शंभर मीटर उतरताना जवळजवळ पाव युनिट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने त्याच दोन ड्रममध्ये जिरते, म्हणजे एक किलोवॅटची शेगडी पंधरा मिनिटे चालवावी तितकी. दिवसभरात अशा फेऱ्या किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. म्हणून चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, आणि वीज खंडित होताच आपोआप आवळला जाणारा वेगळा ब्रेक, या दोन गोष्टींना पर्याय नाही. तिसरी गोष्ट मोटारीच्या जातीची. जुन्या सीरिज पद्धतीच्या डीसी मोटारी उतारावर गाडी रोखून धरत नाहीत. एसी मोटार योग्य कंट्रोलरसह बसवली तर ती उतारावर जनित्र बनते, वेग धरून ठेवते आणि थोडी वीज बॅटरीला परतही करते. मोटार बदलण्याचे खरे कारण हे आहे. वीज वाचते हा त्यातला गौण लाभ.

येथे एक बारकावा आहे, आणि तो मी कोणत्याही निविदेत पाहिलेला नाही. गाडी रात्री वरच ठेवली, तेथेच पूर्ण चार्ज केली आणि सकाळची पहिली फेरी उताराची असली, तर भरलेली बॅटरी परत येणारी वीज घेणार कोठे? ती नाकारते, आणि ज्या रोधावर चालक विसंबला तो नेमका त्या क्षणी मिळत नाही. याला उपाय दोन: चार्जिंगची जागा उताराच्या तळाशी ठेवावी, किंवा वर चार्ज करायचेच तर बॅटरी नव्वद टक्क्यांवर थांबवावी. दोन्हींना जवळपास काही खर्च नाही. पण चार्जिंगची जागा ठरवतो स्थापत्य विभाग, गाडी घेतो भांडार विभाग, आणि दोघांची नस्ती वेगवेगळ्या टेबलांवर फिरते.

विक्रेते मात्र वेगळ्याच सुधारणा सुचवतात. मोठी चाके दिसायला रुबाबदार असतात. पण 18 इंची टायरच्या जागी 22 इंची बसवला की चाकाची ओढ सुमारे 18 टक्क्यांनी घटते आणि चढावर गाडी आणखी केविलवाणी होते. वेग वाढवणारा गिअरसंच हे तर डोंगरावर उघड संकट. संगीत, रंगीत दिवे, वेताच्या आसनांविषयी मी काही म्हणत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची शिफारस मात्र मी करीन. शिशाच्या संचापेक्षा ती सुमारे शंभर किलोने हलकी पडते, चढावर तिचा दाब ढासळत नाही, आणि दर आठवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालण्याची जबाबदारी कोणाची, हा सनातन वाद मिटतो. पण ती ब्रेक, मोटार, कंट्रोलर आणि जाड केबल यांच्यानंतर. निधी अपुरा असेल तर बॅटरी पुढच्या वर्षी घ्यावी.

असा क्रम नस्तीत का उतरत नाही? एक कारण लेखाशीर्षाचे. नवी गाडी भांडवली खर्चातून येते, जुन्या गाडीची सुधारणा दुरुस्तीच्या शीर्षाखाली, आणि तेथे रक्कम तुटपुंजी. म्हणून चांगला सांगाडा मोडीत काढून नवी पण तशीच अपुरी गाडी घेणे अधिकाऱ्याला सोपे जाते. लेखापरीक्षणाचा आक्षेपही येत नाही. दुसरे कारण, तपशीलपत्र दुसऱ्या कार्यालयाकडून मागवून जसेच्या तसे उतरवण्याची आपली सवय. सपाट आवारासाठी लिहिलेल्या तपशिलात आसनसंख्या असते, रंग असतो, हमीचा काळ असतो. चढाचे प्रमाण नसते. मग सर्वांत कमी दराची निविदा नियमानुसार मंजूर होते आणि त्यात कोणाचीही चूक काढता येत नाही. कर्नाटकाचा खरेदी पारदर्शकता कायदा 1999 चा आहे, इतर राज्यांचेही नियम आहेत, पण मागणीच अपुरी लिहिली तर पारदर्शकतेने अपुरीच वस्तू मिळणार.

कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा 1988 मधील व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात चालवायची विशेष वाहने वगळली आहेत. प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाआड ती सवलत मिळते. टेकडीचा रस्ता सार्वजनिक आहे. तेथे नोंदणी, विमा, परवाना हे सारे लागू होते आणि कोणतीही सुधारणा ते टाळू शकत नाही. शिवाय 2021 च्या पावसात नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याची कड खचली होती, हेही विसरू नये. आषाढातल्या शुक्रवारी लोटणारी गर्दी वाहून नेणे हे बसगाड्यांचेच काम. छोट्या गाडीने वरच्या टप्प्यातील थोड्या अंतरापुरते राहावे.

आपल्याकडचे उदाहरण माथेरानचे. 2003 पासून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश आहे आणि मोटारींना तेथे बंदी. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षांचा प्रयोग झाला. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने माणसाने माणूस ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत थांबवण्यास सांगितले आणि केवडियाच्या धर्तीवर त्याच हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याचा मार्ग दाखवला. तेथेही वाद गाडीइतकाच रस्त्याचा होता: लाल मातीच्या चढावर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाहीत. डोंगरावर गाडीचा आणि रस्त्याचा विचार वेगळा करताच येत नाही.

म्हणून माझी सूचना तपशीलपत्रात एकच परिच्छेद वाढवण्याची आहे. देयक अदा करण्यापूर्वी गाडी प्रत्यक्ष त्याच चढावर, पूर्ण वजनाइतकी वाळूची पोती भरून, लागोपाठ दहा फेऱ्या चालवावी. चढाच्या मध्यावर थांबवून पुन्हा सुरू करावी. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतरवावी आणि उतारावर मुख्य कळ बंद करून पाहावी. प्रत्येक फेरीनंतर मोटारीचे आणि ब्रेकच्या ड्रमचे तापमान नोंदवावे. आणि त्या नोंदीखाली भांडारपालाबरोबर, जो कंत्राटी चालक रोज ती गाडी चालवणार आहे, त्याचीही स्वाक्षरी घ्यावी.