आधी ठाव, मग तारू

मराठीत जहाजांची वाण नाही. काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत कवीचे तारू भरकटते, अध्यक्षीय भाषणात संस्कृतीचे गलबत वादळात सापडते आणि उत्तरपत्रिकेत नायकाच्या जीवननौकेला हमखास किनारा लाभतो. आम्ही वाशीम जिल्ह्यात मराठी शिकवतो. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तेव्हा विद्यार्थ्यांनी जहाज पाहिले नाही याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती जहाज कशावर तरते हा प्रश्नच न पडणाऱ्या वाङ्मयीन सवयीबद्दल, आणि ही सवय विद्यार्थ्यांनी लावून घेतलेली नसून आम्हां शिक्षकवर्गाने त्यांना लावली आहे.

२३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे चारशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात रुतले. पाहता पाहता त्याचे प्रतीक झाले. कोणाला त्यात जागतिकीकरणाचा अहंकार दिसला, कोणाला व्यवस्थेचा रुतलेला गाडा. प्रतीक करण्यास आमचा विरोध नाही. ज्याचे प्रतीक केले ती वस्तू आधी पाहिली काय, एवढेच आम्ही विचारतो.

पाहिली असती तर बरेच काही हाती लागले असते. अरुंद पाण्यातून प्रचंड जहाज काठाजवळून जाऊ लागले की जहाज आणि काठ यांमधील पाण्याचा दाब बदलतो. पुढचा भाग काठापासून दूर लोटला जातो आणि मागचा काठाकडे ओढला जातो. त्या दिवशी वाराही जोराचा होता. ‘एव्हर गिव्हन’चे नाक एका काठात घुसले आणि पाठ दुसऱ्या काठाला टेकली. जहाजाचे वजन पाण्याने सगळीकडून पेलायचे असते. दोन्ही टोके जमिनीवर आणि मध्ये ओहोटीने उतरणारे पाणी, अशा स्थितीत मालाच्या भाराने जहाजाचा कणाच वाकण्याची भीती असते. जहाज सुटले ते २९ मार्चला, म्हणजे आपल्या धुळवडीच्या दिवशी. हजारो घनमीटर वाळू उपसावी लागली, ओढणाऱ्या बोटी लागल्या, आणि होळीपौर्णिमेच्या उधाणाचे साहाय्य झाले. जहाजाच्या पुढच्या भागाला झालेली इजा त्याच वर्षी चीनमधील गोदीत दुरुस्त करावी लागली.

आणखी एक गोष्ट. त्या जहाजावरील पंचवीसही खलाशी भारतीय होते. नुकसानभरपाईच्या वादात जहाज कालव्यातीलच ग्रेट बिटर सरोवरात अडकवून ठेवण्यात आले, ते ७ जुलैला सुटले. मोजके अपवाद वगळता खलाशी त्या काळात जहाजावरच होते. ‘रुतलेल्या जहाजा’वरचे जे लेखन आमच्या वाचनात आले, त्यात ही माणसे फारशी आढळली नाहीत. रूपकाला खलाशी लागत नाहीत.

यावर ठरलेला आक्षेप असा की, साहित्य म्हणजे नौकानयनशास्त्र नव्हे. रूपकाला वस्तुस्थितीच्या दाव्याला बांधू नये. आमचे उत्तर आमच्याच भाषेत आहे. चर्चासत्रातील प्रत्येक दुसरा निबंध आशय आणि अभिव्यक्ती यांची ‘सांगड घालतो’. दोन होड्या किंवा भोपळे एकत्र बांधून केलेले, पाणी ओलांडण्याचे साधन म्हणजे सांगड, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असते? समीक्षक कवीच्या मनाचा ‘ठाव’ घेतात, पण ठाव म्हणजे पाय टेकेल असा तळ. कवीने अनुभवाचा तळ गाठला ही आमच्याकडे प्रशंसा आहे; भरलेल्या जहाजाने तळ गाठला तर तो अपघात असतो. संतांनी भवनदी म्हटले तेव्हा ऐकणाऱ्याने पुराच्या नदीत पाय घातलेला होता, म्हणून त्या शब्दाची त्याला धास्ती वाटे. शब्दामागची वस्तू गेली की धास्तीही जाते आणि उरतो तो शब्दांचा दागिना.

ही केवळ समीक्षेपुरती बाब असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ या कायद्याने देशातील १११ जलमार्ग ‘राष्ट्रीय’ घोषित झाले. त्यांतील अकराव्या क्रमांकाचा जलमार्ग अरुणावती–आरण या नद्यांचा आहे. अरुणावती आमच्याच जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे यवतमाळ जिल्ह्यात जाते. जलमार्गाची लांबी सुमारे ९८ किलोमीटर सांगितली जाते. लांबी कागदावर ठरवता येते; खोली पावसावर आणि धरणावर अवलंबून असते. युरोपातील ऱ्हाईन नदीवर काउब येथील पातळी पाहून जहाजात किती माल भरायचा ते ठरते. ऑगस्ट २०२२ मध्ये ती पातळी चाळीस सेंटिमीटरच्या खाली गेली, तेव्हा जहाजांना क्षमतेच्या अंशमात्र मालावर चालावे लागले. बारमाही नदीची ही कथा. उन्हाळ्यात जेथे गुरांच्या पाण्याची भ्रांत असते, तेथे जलमार्ग हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला गेला, हे आधी भाषेच्या अभ्यासकांनी विचारायला हवे होते. आम्ही विचारले नाही. खोली न पाहता जहाज सोडण्याची आम्हांला इतकी सवय झाली आहे की, कायद्याने तेच केले तेव्हा त्यात काही वावगे आहे असे वाटले नाही.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमला, लावला. हा दाखला आम्ही प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात देतो आणि टाळ्या घेतो. त्या वारशाचा अर्थ एवढाच की, शब्द आणि वस्तू यांच्या नात्याची चौकशी करण्याचे काम इतर कोणाहून आधी आमचे आहे.

म्हणून मराठीच्या विभागांपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवतो. पदव्युत्तर वर्गातील एका स्वाध्यायासाठी विद्यार्थ्यांना मे महिन्यात अरुणावतीच्या पात्रात पाठवावे. पाणी कोठे आहे, किती आहे, कोण भरते, काठावरची माणसे डोहाला, उताराला, रेतीला काय म्हणतात, हे त्यांनी नोंदवून आणावे. त्यानंतर त्यांनी जीवननौकेवर खुशाल लिहावे. आम्ही गुण देऊ.