वीस रुपयांसाठीही ग्राहक आयोगात जा



पार्किंगच्या नावाखाली चाललेल्या लुटीबद्दल गेल्या रविवारी याच पानावर आलेली पत्रे वाचली. सगळ्यांचा सूर एकच : महापालिकेने लक्ष घालावे, पोलिसांनी कारवाई करावी. ‘मी तक्रार दाखल केली’ असे एकानेही लिहिलेले नाही. संताप आला तो याचा.

याच आठवड्यात माझ्याही वाट्याला तेच आले. दवाखान्यात भरती असलेल्या नातेवाइकाजवळ थांबायला चामोर्शीहून चंद्रपूरला गेलो आणि जवळच्या एका खासगी स्टँडवर मोटारसायकल लावली. फलकावर दुचाकीचे 10 रुपये. सकाळी गाडी काढताना 30 मागितले. म्हणे रात्रीचा दर वेगळा. तो दर कुठेही लिहिलेला नव्हता. पावती मागितली, दिली नाही. नंबरचे टोकन होते तेही काढून घेतले. आणि फलकावर ठळक अक्षरांत : ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’. पैसे घेऊन गाडी ताब्यात ठेवायची आणि जबाबदारी मात्र मालकाची, हा कुठला न्याय? दिल्लीच्या एका बड्या हॉटेलने ताब्यात घेतलेली ग्राहकाची मारुती झेन चोरीला गेली, तेव्हा हॉटेलनेही अशाच ओळीचा आधार घेतला होता. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. राखायला घेतलेल्या वस्तूची काळजी घेतलीच पाहिजे, निष्काळजीपणा असा पाटी लावून झाकता येत नाही. नियम हॉटेलला एक आणि स्टँडवाल्याला दुसरा असू शकत नाही.

‘वीस रुपयांसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार?’ असे मला तिथेच दोघांनी ऐकवले. त्यांना आणि आपल्या सर्व वाचकांना एकच आकडा सांगायचा आहे : शून्य. सेवेपोटी दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रारीचे शुल्क शून्य आहे. वकील लावण्याची सक्ती नाही. पावती न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेलीच आहे. आणि आम्हा गडचिरोलीकरांसाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. जुन्या 1986 च्या कायद्यात ही सोय नव्हती. चंद्रपूरच्या स्टँडवाल्याविरुद्ध मी गडचिरोलीत दाद मागू शकतो. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायला अख्खा दिवस जातो हे खरे, पण आता तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरून भरता येते आणि दूरदृश्य प्रणालीने सुनावणी मागता येते. मग अडते कुठे? खर्च शून्य आहे, शून्य!

रेल्वेने तिकिटाचे 20 रुपये जास्त घेतले म्हणून मथुरेच्या एका वकिलांनी लढा दिला आणि 2022 मध्ये तो जिंकला. 20 रुपये व्याजासह परत मिळाले, वर 15 हजार रुपये भरपाई. त्याला 22 वर्षे लागली हे मला माहीत आहे. तो उशीर लाजिरवाणाच होता. परंतु आजचा कायदा अशी साधी तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करा असे सांगतो. तक्रारीच नसतील तर त्या मुदतीचा आग्रह कोण धरणार?

रात्रीच्या वीस रुपयांचा हिशेब एकट्याचा नाहीच. अहेरी, आष्टी, गोंडपिपरीकडून रोज माणसे उपचारासाठी चंद्रपूरला येतात. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावे तर वडसा, आणि एसटीच्या वेळा दवाखान्याच्या वेळांशी जुळत नाहीत. गाडी आणणे ही त्यांची चैन नाही. रोगी आत असताना बाहेर कोणी भांडत बसत नाही, हे स्टँडवाल्याला पक्के ठाऊक असते. लुबाडलेले ग्राहक असंख्य असून त्यांना हुडकणे सोपे नसेल, तर त्या सेवेच्या किमतीच्या किमान 25 टक्के रक्कम भरायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे. ते कलम आपल्या भागात एकदा वापरले गेले पाहिजे.

शिवाय हे स्टँड उगवले कशामुळे? दवाखान्याच्या नकाशात तळघरात पार्किंग दाखवून मंजुरी घ्यायची आणि मग त्या तळघरात औषधांचे दुकान नाहीतर लॅब थाटायची, असे प्रकार शहरात उघड्या डोळ्यांनी दिसतात. 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने दवाखान्यांना वाहनतळ बंधनकारक केला आहे. मंजूर नकाशा हातात घेऊन महापालिकेने एकेक तळघर तपासावे आणि काय आढळले ते जाहीर करावे.

माझी तक्रार मी गडचिरोलीच्या आयोगात दाखल करत आहे. आयोगाच्या परवानगीने एकाच तक्रारीत सारख्या हिताच्या अनेक ग्राहकांची बाजू मांडता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून यापुढे रोख पैसे देऊ नका, फोनवरून द्या; ती नोंद पुरावा ठरते. फलकाचा फोटो काढा. मागच्या दोन वर्षांतल्या अशा नोंदी ज्यांच्या फोनमध्ये असतील, त्यांनी त्या पुसू नयेत आणि आपापली तक्रार भरावी.

— एक वाचक, चामोर्शी (जि. गडचिरोली)