लिव्हरचे टॉनिक आणि रात्रीची क्वार्टर

औषधाच्या दुकानात 'लिव्हरचे टॉनिक द्या' म्हणणारे गिऱ्हाईक नेहमी दिसते. पुष्कळदा ती घरातली बाईच असते. नवरा दारू सोडत नाही, निदान त्याचे यकृत तरी शाबूत राहावे, हा तिचा हिशेब. दोष तिचा नाही. पण हिशेब मुळातच चुकीचा आहे आणि बाटली विकणारा तिला तसे सांगत नाही, याची चीड येते.

दारूने यकृत खराब होते हे सर्वांना ठाऊक आहे. त्या नासाडीचा मोठा भाग आतड्यातून येतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू नांदत असतात. त्यांना अडवून धरणारे अस्तर पेशींच्या जेमतेम एका थराचे असते. पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात म्हणूनच ते टिकते. अन्नरस आत घ्यायचा आणि जंतूंचे विष बाहेर ठेवायचे, हे त्याचे काम. दारू आणि तिच्यापासून शरीरात तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे सांधे सैल करतात. मग जंतूंच्या कवचातले विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, रक्तात झिरपते. आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतातच जाते; यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. तिथे पहाऱ्यावर असलेल्या कुप्फर पेशी या विषाने खवळतात आणि यकृताला सूज येते. दारू पचवण्याचे ओझे त्याच्यावर आधीच असते. वर्षानुवर्षे हेच चालले की सुजेच्या जागी वण पडत जातात, यकृत कठीण होते. त्यालाच आपण सिऱ्होसिस म्हणतो. पुढे जलोदर, रक्ताच्या उलट्या.

आता सांगा, वरून दारू चालू असताना दोन चमचे टॉनिक ही गळती कशी थांबवणार?

'मी भरल्या पोटी घेतो' असेही काही जण सांगतात. भरल्या पोटी दारू सावकाश भिनते, इतकेच. 'मी देशी नाही, इंग्लिश घेतो' हे तर त्याहून गमतीचे! ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीलिटर क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. यकृत लेबल वाचत नाही. बिअरला दारूच न मानणाऱ्या तरुणांनी ध्यानात घ्यावे, की ८ टक्क्यांच्या ६५० मिलीलिटरच्या एका बाटलीत ते ४० ग्रॅम असते. दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे.

यकृत मोठे सोशिक, बराच काळ तक्रार करीत नाही. पण नुसती चरबी साठलेली असेल तर दारू पूर्ण थांबवल्यावर काही आठवड्यांतही ते सुधारू शकते. वण पडल्यावर तितकी आशा नसते. तरी तेव्हाही सोडल्याने आयुष्य वाढते. टॉनिकचे पैसे वाचवा आणि रक्ततपासणी, सोनोग्राफी करून घ्या.

मात्र अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्या घरी एकदम दारू तोडायला लावू नका. हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार होतात, क्वचित जिवावरही बेतते. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या आणि रोज किती पितो ते न लाजता खरे सांगा.