हकचें पत्र

मनुस्मृतीनें सज्जनांच्या आत्मतुष्टीस धर्माचें एक मूळ मानिलें आहे. परंतु मनच दूषित झालें असेल तर? मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ (१८८४) या कादंबरींतील हक हा पोर जिम नांवाच्या पळालेल्या कृष्णवर्णी गुलामास साथ देतो. असें करणें ही चोरी व पाप, हीच शिकवण त्यास मिळालेली; म्हणून तो जिमच्या मालकिणीस पत्र लिहितो. मग जिमची माया आठवून, नरकाची तयारी ठेवून, तें फाडितो. आपण सत्कृत्य केलें, हें त्यास उमगतच नाहीं! १८६५ सालीं अमेरिकेंत कायद्यानें गुलामगिरी संपली. पण सदसद्विवेकाचें सोंग घेतलेला वर्णद्वेष कायद्यास कसा दिसावा? मुलांस धर्म म्हणून आपण जें शिकवितों, त्यांत निव्वळ रूढि किती, हें वाचकांनीं पडताळून पाहावें, इतकेंच आम्ही सुचवितों.