नर्मदेची मासळी आणि तिचे राखणदार

जबलपूरनजीक भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा यात्रेकरूंना पूज्य आहे. काठावरच्या केवटांची ती अन्नदात्रीही आहे. या नदीचे भूषण म्हणजे महसीर मासा. मध्यप्रदेशाने 2011 साली त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. परंतु तोवर त्याची संख्या अतिशय घटली होती.

या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. महसीर वाहत्या, स्वच्छ पाण्यात खडी-गोट्यांवर अंडी घालतो. धरणांनी प्रवाह अडला आणि वाळूच्या उपशाने तळ उद्ध्वस्त झाला. त्यांत विघातक मासेमारीची भर पडली. पाण्यात सुरुंग उडविला असता त्याच्या धक्क्याने माशांचे वाताशय फुटतात. मेलेल्यांपैकी पुष्कळसे तळाशी जातात व कोणाच्याच हाती लागत नाहीत. विषाने पिल्ले व त्यांचे खाद्य असलेले कीटकही मरतात. बारीक आसाचे जाळे तर पुढील वर्षाचे बीजच उपसून नेते.

असे असूनही कायद्याची उणीव नाही. सुरुंग आणि विष यांना 1897 च्या भारतीय मत्स्य-अधिनियमानेच मनाई केली. प्रजननकाळात, 16 जून ते 15 ऑगस्टपर्यंत, राज्यात मासेमारी बंद असते. परंतु लांबच लांब नदीकाठावर प्रत्येक डोहापाशी शिपाई उभा करणे कोणत्याही शासनास शक्य नाही.

मग राखण कोणी करावी? ज्याची उद्याची भाकर त्या डोहात आहे, त्यानेच. बरगी धरणामुळे जबलपूर, मंडला व सिवनी जिल्ह्यांतील 162 गावे बाधित झाली. 1994 साली जलाशयातील मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संघाला मिळाला. पण तो त्यांच्याकडे कायम राहिला नाही. ज्याला पुढील वर्षी पाणी आपले असेल याची शाश्वती नसते, तो आजच सारे ओरबाडू पाहतो. हा दोष मनुष्यस्वभावाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

कोकणच्या किनाऱ्यावरही निराळे घडत नाही. यांत्रिक नौकांची बारीक जाळी पिल्ले उपसतात, आणि लहान होडीचा कोळी रिकाम्या हाताने परततो.

म्हणून बंदीच्या जोडीला दोन गोष्टी अवश्य हव्यात: मच्छिमारांच्या सहकारी संस्थांना पाण्यावर दीर्घ मुदतीचा हक्क, आणि बंदीच्या दोन महिन्यांत त्यांच्या चुलीची तरतूद. उपाशी माणसाला बीज राखण्याचा उपदेश करणे व्यर्थ होय.