बाबांची बंदूक आणि आपला स्क्रूड्रायव्हर

आपल्या पिढीला एक खोड आहे. काहीही बिघडलं की आधी व्हिडिओ बघायचा. लॅपटॉपची रॅम, बाइकची क्लच केबल, मिक्सरचं कपलर, बाथरूमचा फ्लश... दहा मिनिटांचा व्हिडिओ, दोनशे रुपयांचा पार्ट, शनिवारची दुपार, आणि काम फत्ते! मिस्त्रीचे पैसे वाचले आणि फ्लॅटमेट्ससमोर भाव वाढला तो वेगळाच. या खोडीला आमचा फुल सपोर्ट. फक्त एका ठिकाणी हात आवरायचा. ते ठिकाण म्हणजे गावाकडच्या कपाटातली बंदूक.

हसू नका. हिंजवडी-खराडीच्या क्यूबिकलमध्ये बसणाऱ्या कित्येकांचं गाव जिंतूर, गंगाखेड, पालम नाहीतर सेलू असतं. परभणी जिल्ह्यातल्या काही घरांत आजही लायसन्सची बारा बोअर असते. कुणाकडे ती पिकाच्या राखणीसाठी घेतलेली, आजोबांपासून चालत आलेली. कुणाचे वडील फौजेतून रिटायर होऊन बँकेच्या दारात किंवा कॅश व्हॅनवर गार्ड म्हणून उभे राहतात, त्यांची पंप ॲक्शन. म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे खेचली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत, ती सिनेमातली ‘खर्र-खच्च’वाली. आपल्याकडे ती सरकारी फॅक्टरीतही बनते, तिरुचिरापल्लीला. आणि बारा बोअरची काडतुसं? ती तर थेट आपल्या पुण्यात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

तर दिवाळीला तुम्ही घरी जाता. बाबा म्हणतात, ‘‘अरे, ते रिकामं काडतूस अडकतंय बघ. तुझ्या मोबाइलवर बघ बरं जरा, काय करावं लागतंय ते.’’ तुम्ही बघता. आणि समोर येतो टोपीवाला एक अमेरिकन काका. स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल अंथरून, कॉफी पीत पीत, तो बंदुकीचा पार्ट बदलतोय. इतकं सोपं?

त्याच्यासाठी, हो. तिकडे रेमिंग्टन ८७० नावाचं एक मॉडेल १९५० मध्ये आलं आणि एक कोटीहून जास्त विकलं गेलं. आपल्याकडे जशी स्प्लेंडर, तशी तिकडे ती. पार्ट कुठेही मिळतात. शिवाय अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे मुख्यतः तिचा मधला सांगाडा. त्यावर नंबर असतो, त्याची नोंद होते. बाकीच्या बऱ्याचशा स्प्रिंगा, पिना, हूक म्हणजे नुसते सुटे भाग, कुरिअरने घरपोच येणारे.

आता आपल्याकडे या. आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भागही येतात. त्याला एक सूट आहे, पण ती वाचून खूश होऊ नका. किरकोळ भाग जवळ बाळगायला हरकत नाही, मात्र तो त्याला जुळणाऱ्या दुसऱ्या भागांबरोबर वापरायचा नसेल तरच! म्हणजे ती स्प्रिंग कीचेनला लावून फिरलात तर चालेल. बाबांच्या बंदुकीत बसवायला आणलीत, की सूट संपली. परदेशातून मागवणार असाल तर आयातीचं लायसन्स वेगळं लागतं. ‘पार्सल ट्रॅक करा’ म्हणत बसाल, आणि कस्टमवाले तुम्हालाच ट्रॅक करतील.

पुढची गंमत याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. त्या कामांसाठीचं लायसन्स असल्याशिवाय शस्त्र बनवायचं नाही, विकायचं नाही, त्यात फेरफार करायचा नाही, दुरुस्त करायचं नाही आणि त्याची चाचणीही घ्यायची नाही. दुरुस्ती हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलाय. बाबांकडे जे आहे ते बंदूक बाळगण्याचं लायसन्स. दुरुस्तीचं लायसन्स वेगळं, ते शस्त्रविक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे असतं. तुमच्याकडे तर दोन्ही नाहीत, फक्त ड्रायव्हिंगचं आहे. ‘बसवून बघू, आखाड्यावर एक बार काढून चेक करू’ हा प्लॅनही याच कलमात अडकतो.

शिक्षा किती? २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी कलम ५ मोडलं तर तीन ते सात वर्षं होती. आता किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. दोनशे रुपयांच्या स्प्रिंगसाठी सात वर्षं! हा कायदा सेलिब्रिटींनाही सोडत नाही. संजय दत्त येरवड्यात राहून २०१६ मध्ये बाहेर आला, ती शिक्षा शस्त्र कायद्याखालचीच होती. त्याचा मामला वेगळा आणि मोठा होता, पण कायदा हाच.

कायदा जरा बाजूला ठेवू. मशीन म्हणूनही हा प्रकार मिक्सरसारखा नाही. गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो ३०-३२ पीएसआय. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाला अमेरिकन मानकांनी दिलेली कमाल मर्यादा आहे ११,५०० पीएसआय. हा दाब तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो. तो अडवून धरणारा बोल्ट, चाप ओढेपर्यंत घोडा रोखणारा खटका, काडतूस ओढून काढणारा बारीक हूक, हे सगळं एकमेकांशी केसाच्या अंतरानं जुळलेलं असतं. खटका नीट बसला नाही तर बंदूक नुसती खाली पडली तरी उडू शकते. मिक्सरचं कपलर चुकीचं बसलं तर चटणी जाड होते. इथे चूक झाली, तर समोर कोण उभं होतं यावर सगळं अवलंबून. आणि गावाकडच्या घरात समोर सहसा कुणीतरी असतंच. आजी, पुतण्या, चहा घेऊन आलेली आई.

पंप ॲक्शनची आणखी एक खोच आहे. नळी रिकामी दिसली म्हणजे बंदूक रिकामी, असं नसतं. काडतुसं खालच्या नळकांड्यात ओळीनं बसलेली असतात. मूठ एकदा मागेपुढे केली की पुढचं काडतूस आपोआप वर येतं. ‘रिकामीच आहे रे’ या वाक्यावर कधीही विश्वास ठेवू नका, मग ते बाबा म्हणोत नाहीतर काका.

मग करायचं काय? ही घ्या वीकएंडची चेकलिस्ट.

एक. सफाई आणि दुरुस्ती यांत गल्लत नको. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी पुसणं, तेल लावणं हे लायसन्सधारकाचं काम, बाबांनी ते जरूर करावं. भाग बदलणं, घासणं, वाकवणं, नळी कापणं हे घरी नाही. गुळगुळीत नळीची बंदूक २० इंचांपेक्षा आखूड झाली तर ती थेट प्रतिबंधित वर्गात जाते.

दोन. दुरुस्तीचं लायसन्स असलेला शस्त्रविक्रेता शोधा. बंदूक बाबाच घेऊन गेले तर उत्तम. त्यांचे गुडघे दुखत असतील तर तुम्हीही नेऊ शकता, कायद्यात तशी सोय आहे. लायसन्सधारक सोबत हवा किंवा त्याचं लेखी अधिकारपत्र हवं, आणि नेण्याचं कारण दुरुस्ती किंवा लायसन्सचं नूतनीकरण हवं. सही केलेलं पत्र आणि लायसन्स खिशात ठेवा. लायसन्सवर कुठला एरिया लिहिलाय तेही बघा. फक्त परभणी जिल्हा असेल, तर ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पुण्याला आणायचा विचार सोडा. बंदूक दिल्याची पावती घ्या.

तीन. ‘बंद पडलीये, शोपीस म्हणून भिंतीवर लावू’ हा आयडिया डेंजर आहे. जी बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही, तिलाच कायदा सोडतो. एका स्प्रिंगनं चालू होणारी बंदूक बंद असली तरी बंदूकच. तिला लायसन्स लागतंच.

चार. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बाबांचं वय विचारा. लायसन्सधारक वारला की ती बंदूक घरात तशीच ठेवता येत नाही. विनाकारण उशीर न करता ती पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. दुःखाच्या त्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून आधीच बोला. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे लायसन्सधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे राहिली, यांतलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. त्या वारसाला रीतसर अर्ज करावा लागतो, आणि मंजुरी जिल्हादंडाधिकारी देतात. कुणालाच नको असेल तर कायदेशीर विक्रेत्याला विकून मोकळे व्हा. एका माणसाकडे आता जास्तीत जास्त दोनच बंदुका राहू शकतात, हेही २०१९ पासूनच.

‘पण रानडुकरं शेत फस्त करतात त्याचं काय?’ प्रश्न खरा आहे. ज्वारी, हरभरा, भुईमूग रात्रीत आडवा होतो. रोही येतात, काळवीटं येतात. वर्षाची कमाई डोळ्यांदेखत जाते तेव्हा माणूस कपाटाकडे बघणारच. पण बंदुकीचं लायसन्स म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. जनावर मारायला वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची वेगळी परवानगी लागते. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्यावरून सलमान खानला जोधपूरच्या कोर्टानं २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती. नुकसान झालं तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. आणि मोबाइलवर फॉर्म भरणं, फोटो जोडणं, पाठपुरावा करणं हे काम बाबांपेक्षा तुम्हाला जास्त चांगलं जमतं.

बाबांनी तुम्हाला मोबाइल बघायला सांगितलं ते ‘पोरगा इंजिनिअर आहे, त्याला सगळं येतं’ या भरवशावर. तो भरवसा मोडू नका. फक्त स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेवा आणि लायसन्सची फाइल बाहेर काढा. तिची मुदत कधी संपते, एरिया कुठला आणि वारस कोण, हे बघायला अर्धा तासही लागणार नाही. या दिवाळीत तेवढं करूनच परतीची गाडी पकडा.