भाऊबंदकी आणि उत्पन्नाचा दाखला

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीत येणारा अर्ज बहुधा काहीतरी मागणारा असतो. दाखला, फेरफार, अनुदान वा नुकसानभरपाई यांसाठी माणूस तेथे येतो. परंतु अर्जांचा आणखी एक प्रकार आहे. त्यात अर्जदार स्वत:साठी काहीच मागत नाही. दुसऱ्याला मिळते ते बंद करा, एवढेच त्याचे म्हणणे असते. आणि हा ‘दुसरा’ पुष्कळदा परका नसतो. तो चुलत भाऊ असतो, वेगळी निघालेली भावजय असते, नाहीतर माहेरी परतलेली बायको असते. बांधाचा वाद, वाटणीची तेढ किंवा मोडलेला संसार यांचा राग दिवाणी कोर्टात मावला नाही, की तो ‘शासनाची फसवणूक’ या मथळ्याखाली कचेरीत येतो. असा अर्ज नागरिकाचे कर्तव्य मानावयाचा की चहाडी, याचा विचार शांतपणे झाला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खोटी माहिती देऊन सरकारी पैसा उचलणारा इसम गरजू माणसाच्या वाट्यावरच हात मारीत असतो आणि तो आपला नातलग आहे म्हणून त्याचे कृत्य निर्दोष ठरत नाही. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा अनुभव ताजा आहे. दरमहा १,५०० रुपयांच्या या साहाय्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठरली होती. तथापि दोन हजारांहून अधिक सरकारी महिला कर्मचारी आणि चौदा हजारांहून अधिक पुरुष लाभार्थींच्या यादीत असल्याचे २०२५ मध्ये उघडकीस आले. नियमित पगार घेणाऱ्यांनी असा अर्ज भरावा, ही गोष्ट सुशिक्षित वर्गाला खचितच भूषणावह नाही.

परंतु ही लबाडी पकडली कशी गेली? कोणा जावेच्या वा दिराच्या पत्रावरून नव्हे, तर सरकारने स्वत:च्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या तेव्हा. पगाराची यादी सरकारजवळ असते, आयकर भरणाऱ्यांची असते, वाहनांची असते. हे काम अर्ज मंजूर करतानाच का झाले नाही, हा प्रश्न सरकारला विचारलाच पाहिजे. उलट २०२५ च्या जानेवारीत महिला व बालविकास मंत्र्यांनी तक्रारी आलेल्या अर्जांची छाननी होईल असे सांगितले होते. कचेरीने करावयाची तपासणी अशा रीतीने गावातील हेवेदाव्यांवर सोपविली, की कोणाचा अर्ज तपासला जाईल हे त्याच्या अपराधावर नव्हे, तर त्याच्या वैऱ्यांच्या संख्येवर ठरू लागते.

या म्हणण्यात अतिशयोक्ती वाटत असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेकडे पाहावे. १९८० मध्ये बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झालेली ही योजना विधवा, परित्यक्ता, दिव्यांग व निराधार यांचा मोठा आधार आहे. तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार रुपये राहिली. आता रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर पाहा. २०२५-२६ साठी तो महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने घरातील एकाच माणसाने ६८ दिवस काम केले की ही मर्यादा ओलांडली जाते. ज्या सरकारने शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली, त्याच सरकारची ती हमी पुरी झाली तर ते कुटुंब निराधार साहाय्याला अपात्र ठरावे, असा हा हिशेब आहे.

याचा परिणाम उघड आहे. कापूस वेचून आणि निंदणी करून जगणाऱ्या घराचा २१ हजारांचा दाखला अक्षरश: खरा असणे जवळजवळ अशक्य असते. देणाऱ्याला ते ठाऊक असते, घेणाऱ्याला ठाऊक असते आणि शेजाऱ्यालाही ठाऊक असते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या न्यायाने सर्व चालते. मात्र भाऊबंदकी पेटली की तीच मूठ उघडण्याचे हत्यार नातलगाच्या हाती आयते मिळते. नियमच असा असला की सर्वच तांत्रिकदृष्ट्या दोषी ठरतात, तेथे तक्रार दोषी माणसाला शोधीत नाही. ती फक्त नावडत्या माणसाला शोधते.

दुरावलेल्या पतिपत्नींच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिक दारुण होते. निराधार योजनेत घटस्फोटित परंतु पोटगी न मिळालेल्या स्त्रीचा समावेश आहे. पोटगीचा हुकूम होणे आणि पोटगी हातात पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोटगी थकविणारा नवराच त्या हुकुमाची नक्कल जोडून ‘हिला उत्पन्न आहे’ असा अर्ज करू शकतो. लाडकी बहीण योजनेतही २०२५ च्या सप्टेंबरात पती वा वडिलांच्या आधार क्रमांकाची पडताळणी आवश्यक करण्यात आली. ज्या नवऱ्याने टाकले त्याच्याच दारी आधार क्रमांकासाठी जाण्याची पाळी त्यामुळे स्त्रीवर आली. पुढे विधवा व घटस्फोटित स्त्रियांसाठी कागदपत्रांचा पर्याय द्यावा लागला. तो आधीच सुचावयास हवा होता.

माजी जोडीदाराचे खरे उत्पन्न जाणण्याचा हक्क कोणालाच नाही, असे आमचे म्हणणे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये, पोटगीच्या वादात पतीच्या पगाराची माहिती पत्नीपासून खाजगी म्हणून लपविता येणार नाही, असा निर्वाळा दिला. नागपूरच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. हा राजमार्ग आहे. येथे दोन्ही बाजू शपथेवर बोलतात आणि खोटे बोलणाऱ्याला जबाब द्यावा लागतो.

करचुकवेगिरीच्या बाबतीत सरकारने २०१८ मध्ये खबर देणाऱ्यास ५० लाख रुपयांपर्यंत आणि बेनामी व्यवहाराच्या खबरीसाठी एक कोटीपर्यंत बक्षीस जाहीर केले. तरीही जमिनीच्या व्यवहारात कागदावर एक रक्कम आणि हातावर दुसरी रक्कम घेणाऱ्या श्रीमंत मामाबद्दल आपण ब्र काढीत नाही. लग्नकार्यात त्याला पहिल्या पंगतीत बसवितो. दीड हजार रुपये घेणारी विधवा वहिनी मात्र आपल्या डोळ्यांत सलते. हा सत्याचा कैवार नव्हे.

म्हणून सरकारने काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्येच सरकारी नोकरांविरुद्धच्या निनावी तक्रारींवर कारवाई न करण्याचा आदेश दिला होता. नोकरदाराला मिळालेले हे संरक्षण निराधार बाईला का मिळू नये? तक्रार सहीनिशी घ्यावी; तिला पुरावा न मानता केवळ सूचना मानावे; आणि नोटीस देऊन म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज कोणाचेही अनुदान थांबवू नये. सरकारी अधिकाऱ्याकरवी दुसऱ्याला इजा पोचविण्यासाठी जाणूनबुजून खोटी खबर देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, याची जाणीव तक्रारदारालाही द्यावी. सर्वांत आधी उत्पन्नाच्या मर्यादा वास्तवाला धरून ठरवाव्यात, म्हणजे खरा दाखला देणे शक्य होईल.

शेवटचे सांगणे वाचकांना आहे. गावात असे अर्ज लिहून देण्याची विनंती ज्यांना होते ते लोक शिक्षक, कारकून वा कॉलेजात जाणारी मुले असतात. लेखणी उचलण्यापूर्वी त्यांनी अर्जदाराला दोनच प्रश्न विचारावेत. तुमचे संबंध गोड असते तर हा अर्ज तुम्ही केला असता काय? आणि हाच मजकूर तुम्ही त्या माणसाच्या तोंडावर सांगाल काय? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर अर्ज अवश्य लिहून द्यावा आणि खाली स्पष्ट अक्षरांत सही घ्यावी. नसेल तर कागद परत करावा.